देशाचा रकाना

नव्या मोंढ्यात, बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिना मागून आहे, पुढून शोधलं तर सापडत नाही.
तीन खुर्च्या, दोन कॉम्प्युटर, एक कूलर,
ज्यात पाणी घालायची पाळी कायम माझी.

मार्चमध्ये मोसंबीची साइट केली :
बागवाल्यानं माल टाकायचा, व्यापाऱ्यानं गाडी ठरवायची.
फॉर्म उघडला की देश आपोआप भरून येईल,
हे मीच सुचवलेलं. हौस.
येणाऱ्याचा पत्ता बघायचा, नोंदवहीत शोधायचा, देश लिहायचा.

चौथ्या दिवशी हमीदभाई बागवानांचा फोन.
"मॅडम, माझ्या नावापुढं अफगाणिस्तान कशाला लिवून आलं?
मैं तो यहींच है ना, कदीम जालने में."

सगळ्यांनाच आलं होतं.
भोकरदनचे दांडगे हसले,
बायकोला म्हणले, चल, पासपोर्ट काढू.
अंबडच्या खरातांनी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला.
हमीदभाई हसले नाहीत.
त्यांनी एवढंच विचारलं,
"हे अजून कुठं कुठं गेलं असंल?"

रात्री नोंदी उघडल्या.
हजार ओळी, हजार माणसं, पत्ता एकच :
दहा टिंब शून्य टिंब शून्य टिंब तीन.
आमच्याच दारातला प्रॉक्सी.
वॉचमननं येणाऱ्या प्रत्येकाच्या जागी
रजिस्टरात स्वतःचंच नाव लिहावं, तसा.

आणि दहाचा पत्ता हा आतला पत्ता.
आतल्या पत्त्याला देश नसतो.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात
हा माझ्या घरी माझ्या मोबाइलचा,
समोरच्या लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या यंत्राचा,
आणि समुद्रापलीकडं कुठल्या तरी प्रिंटरचाही असेल.
घरोघरी एक माई असते.
गल्लीत उभं राहून हाक मारा, दहा खिडक्या उघडतील.

नोंदवही म्हणाली, काही नाही.
माझ्या कोडनं त्या काही-नाहीचं शून्य केलं
आणि शून्यावर, इंग्रजी यादीत सगळ्यात वर,
तो देश बसलेला.
एवढंच. कुणी मुद्दाम केलं नाही.
पण हे वाक्य हमीदभाईंना मी कसं सांगू?
याआधी किती जणांनी सांगितलं असेल त्यांना हेच.

वायाळ सर म्हणाले,
सरसकट भारत टाकून दे ना, कोण बघतंय.
मी म्हणाले, सर, न विचारता लिहायचंच झालं की तेही.
ते काही बोलले नाहीत. कूलर बंद करून गेले.

दीड वाजता दुरुस्ती.
पत्ता आतला असेल,
दहाचा, एकशे बाहत्तरातल्या सोळा ते एकतिसांचा,
एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्टचा,
नाहीतर स्वतःशीच बोलणारा एकशे सत्तावीस,
तर नोंदवही उघडायचीच नाही.
प्रॉक्सीनं सोबत पाठवलेली चिठ्ठी वाच,
तीही उजवीकडून.
आपल्या वॉचमननं लिहिलेलं तेवढंच खरं,
डावीकडं कुणीही काहीही लिहून पाठवतं.
तरी सापडलं नाही, तर राहू दे.
यादी काढून टाकली, कोरी चौकट ठेवली.
माणसाला विचार.

आठ दिवसांनी जिन्यात एक पेटी आली, मोसंबीची.
वर निळ्या मार्करनं :
कंप्युटरवाली मॅडम, बियाण्याचं दुकान, मागचा जिना.
पिन नाही, गाव नाही, जिल्हा नाही.
टेम्पोवाल्याला कुणाला विचारावंही लागलं नव्हतं.

फळं सोलता सोलता नोंदी बघितल्या.
हमीदभाईंनी फॉर्म पुन्हा भरला होता.
देश : भारत.
एका बोटानं, सावकाश टाइप केलेला असावा,
कारण पुढं पूर्णविराम होता.
साठवताना माझं कोड असली टिंबं काढून टाकतं.
ते मी त्या दिवसापुरतं
बंद केलं.